त्रेसष्ट जाकिटं

आमच्या मालकिणीचं सहसा चुकत नाही, असं मी चारचौघांत सांगतो. घरात सांगावं लागत नाही, तिथं ते ती स्वतःच सांगते. मालकीण म्हणजे माझी बायको. हे नाव मी नाही ठेवलं, बाजारानं ठेवलं. आठवडी बाजारातला वजनकाट्याशेजारचा ओटा तिचा. त्यावर ती जुने कपडे विकते आणि मी तिचा माल हातगाडीवर घालून नेतो-आणतो, म्हणून मला सगळे गाडीवाला म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, गाडी अजून मीच ओढतोय.

जुन्या कपड्यांची गासडी बंद मिळते. वरून तागाचं कापड, त्यावर लोखंडी पट्ट्या. पट्टी कापली की माल तुमचा, मग आतून चिंध्या निघोत नाहीतर रेशीम. बाकीचे लोक गासडीला लाथ मारून, उचलून, वजनाचा अंदाज घेऊन सौदा करतात. आमची मालकीण तागाच्या शिवणीत फट शोधते, दोन बोटं आत सारते, कापड चिमटीत चोळते आणि मग ती बोटं नाकाशी नेते. एवढ्यावर ती सांगते की आत लोकर आहे का सूत, माल कोरड्या जागी होता का ओल्या. तिचा हात बाहेर येईपर्यंत गासडीवाल्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली. बांधावरचं गवत उभ्या उभ्या वाळलं आणि थंडी महिनाभर आधीच येऊन बसली. बटाटे सुपारीएवढेच राहिले होते, पण दहिवर गोठायच्या आत काढायलाच हवे होते. सगळा गाव पहाटेपासून शेतात, आणि कोणाच्या अंगावर धड काही नाही. अशात मालकिणीनं ती गासडी बघितली. बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, "ही घ्यायची."

"कसली आहेत?" मी विचारलं.

"जाकिटं," गासडीवाला म्हणाला. "कम्प्युटरची एक मोठी कंपनी आहे. तिचं मुख्य ऑफिस म्हणजे एक गावच आहे. लोक लांबलांबून ते बघायला जातात. तिथंच दुकान आहे. आठवण म्हणून जाकीट घेतात, घरी येऊन दोनदा घालतात आणि टाकून देतात."

"ऑफिस बघायला जातात?"

"ऑफिस बघायला."

"जाऊ देत बिचारे," मालकीण म्हणाली. "जाकिटं चांगली आहेत."

घरी पट्ट्या कापल्या तर त्रेसष्ट निघाली. सगळी एकाच करड्या रंगाची. बाहेरून गुळगुळीत कापड, वारा आत शिरायची सोय नाही. आतून बोटाच्या पेराएवढी मऊ लव. आणि पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेली ही मोठाली परकी अक्षरं. आमच्या घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती.

आता आमच्या घरचा एक नियम आहे. लिहिलेला कपडा उलटवल्याशिवाय विकायचा नाही. हा नियम माझ्या आईचा. धंदा मूळ तिचा, सुनेला शिकवला तिनंच. आईनं एकदा एकाला लाल शर्ट विकला होता. तो गडी शर्ट घालून एका मयताला गेला. तिथं कोणीतरी शिकलेला पाहुणा होता, त्यानं छातीवरचं मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं, 'आज माझा वाढदिवस आहे, केक कुठंय?' त्या घरानं पुढं चार वर्षं आमच्याकडून रुमालसुद्धा घेतला नाही. तेव्हापासून अक्षर दिसलं की आई शिवण उसवते, आतली बाजू बाहेर काढते, खिसे, गळा, चेन सगळं पुन्हा बसवते. उलटवलेला कपडा कोणाला ओळखू येत नाही, इतकं सफाईचं काम.

तशीच ही त्रेसष्ट जाकिटं उलटवली. आई उसवायला, मालकीण हातमशीनवर, मी बटणं-चेन निवडायला. दोन आठवडे लागले. लव बाहेर आली, अक्षरं आत गेली. कोकरासारखी दिसायला लागली जाकिटं. बाजारात ओट्यावर मांडली आणि दुपारच्या आत ओटा रिकामा झाला. एकट्या टोळीवालीनं एकवीस नेली. ही बटाटे वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की या बांधावरून बोलली तर त्या बांधावरचा बैल वळून बघतो. तिनं स्वतःसाठी सगळ्यात मोठं जाकीट निवडलं, अंगात घातलं आणि म्हणाली, "ऊब आहे हं मालकीण." त्या दिवशी परत येताना मालकीण गाडीच्या पुढं चालत होती, आणि मला गाडी हलकी लागत होती.

पुढच्या बाजारी आम्ही गाडी लावतोय तोवरच माणसं जमली. आधी मला कळेना काय आहे ते. गवताच्या पेंढ्या चालत आल्यासारख्या दिसत होत्या. जवळ आल्यावर पाहिलं, आमचीच जाकिटं! लवेत कुसळं रुतलेली, काडीकचरा, वाळका पाला, मातीची ढेकळं. वाळलेल्या गवतातून एकदा जाऊन आलं की सगळा बांध अंगावर येत होता, आणि झटकला तर निघत नव्हता. कुसळं लवेतून आत शिरून आत घातलेल्या कपड्यांनाही टोचत होती.

टोळीवाली पुढं झाली आणि पाठ करून उभी राहिली.

"हात फिरव," ती म्हणाली.

"दिसतंय मला," मालकीण म्हणाली.

"दिसतंय नाही. हात फिरव."

मालकिणीनं हात फिरवला. तळव्यात तीन-चार ठिकाणी रक्ताचे टिपके आले. तिनं मूठ मिटली.

"माझ्या बायकांनी बटाटे वेचायचे का अंगावरची कुसळं?" टोळीवाली म्हणाली. "रात्री निजायचं तरी कसं? एकीच्या मानेला तर पू झालाय."

गर्दीच्या मागं कोरा उभा होता. हा नवे कपडे विकतो, म्हणून कोरा. त्याची जागा बाजाराच्या टोकाला, गटाराजवळ, आणि आमच्या ओट्यावर त्याचा तीन वर्षांपासून डोळा. बाजारप्रमुखाला बोलावून आणायचं पुण्यकर्म त्यानंच केलं होतं.

बाजारप्रमुख म्हणजे चिमुकला माणूस, गळ्यात शिट्टी. पण बाजारात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं चाळीस-पन्नास पाठी बघितल्या आणि म्हणाला, "एवढ्या तक्रारी मी आजवर पाहिल्या नाहीत. नियम माहीत आहे ना? आज ऐकून घेतलं. पुढच्या बाजारी याच ओट्यासमोर तीन हाका देईन, कोणाची तक्रार आहे म्हणून. मग शिट्टी. शिट्टी वाजताना एक जरी हात वर असला तरी ओटा सोडायचा."

"एकही नसेल," मालकीण म्हणाली. "पैसे परत मागू नका, ते गासडीच्या देण्याला आणि पिठाला गेले. जाकीट नीट करून देईन. तुमच्याकडे येऊन देईन."

लोक गेले. कोरा जाता जाता ओट्याची लांबी पावलांनी मोजून गेला. मोजताना आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता, हे मला जास्त लागलं.

परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत मालकीण गाडीच्या मागून चालत होती. मग म्हणाली, "अहो."

"काय?"

"चुकलं माझं. धुऊन वाळत घातली तेव्हाच अंगणातला कचरा लवेला चिकटला होता. मी माझ्या हातानं झटकला. तेव्हाच कळायला हवं होतं."

अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं आणि वाटलं, नसतं ऐकलं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "होतं असं," आणि गाडी ओढत राहिलो. घरी आई दारातच बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, बाजारातली बातमी माझ्या गाडीपेक्षा जोरात धावते.

"नियम माझा होता, पोरी," आई म्हणाली.

"नियम तुमचा, पण डोळे माझे होते ना," मालकीण म्हणाली आणि मशीनला तेल घालायला बसली.

काम साधं होतं. उलटवलेलं पुन्हा सुलट करायचं. गुळगुळीत बाजू बाहेर, लव आत. पण उलटवायला दोन आठवडे लागले होते आणि आता हातात सहा दिवस होते. शिवाय तेव्हा जाकिटं घरात होती, आता ती लोकांच्या अंगावर होती. दुसरा ऊबदार कपडा कोणाकडे नव्हता, त्यामुळे कोणी दिवसभरासाठी काढून द्यायला तयार नव्हतं. मशीन गाडीवर बांधलं, आईला तिच्या पाटासकट गाडीवर बसवलं आणि आम्हीच निघालो.

पहिल्या दिवशी दगडाच्या खाणीवर गेलो. तिथं पाथरवटानं आमच्याकडून जाकीट घेतलं होतं. आईनं उसवलं, मालकिणीनं शिवलं, तासाभरात त्याच्या अंगावर चढवलं. मी म्हटलं, एक झालं, बासष्ट राहिली. दुपारी पाथरवट पुन्हा समोर हजर.

"हे काढ," तो म्हणाला.

"आता काय टोचतंय?" मी विचारलं.

"टोचत नाहीये. शाळेच्या बाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांनी पाठ वाचली. काय लिहिलंय माहीत आहे? 'मी मुख्यालय पाहून आलो.'"

आई हसायला लागली. पाथरवट हसला नाही. "मी ही टेकडी सोडून कुठं गेलोय? खाणीवरची पोरं सकाळपासून विचारताहेत, काका, कसं आहे मुख्यालय, जेवायला काय होतं. मी माझ्या हातानं केलेल्या कामाबद्दलसुद्धा कधी खोटं बोललो नाही. हे पाठीवर घेऊन फिरू?"

"अक्षरं उसवते," आई म्हणाली आणि सुई लावून बघितली. पण भरतकाम दाट होतं, टाक्यावर टाका. एका अक्षराला अर्धा तास गेला, आणि दोरा निघाल्यावर खाली कापडाची चाळण झालेली. त्रेसष्ट पाठी अशा उसवायच्या म्हणजे थंडी संपून उन्हाळा आला असता.

मालकीण पाथरवटाच्या भोवती एक फेरी मारून आली. "दगड कसा उचलता तुम्ही?"

"कसा म्हणजे? पाठीवर."

"जाकीट काढा. आतला सदरा दाखवा."

सदरा बरोबर खांद्याच्या पात्यांच्या मधे विरून जाळीदार झाला होता. अक्षरं होती तिथंच. मालकिणीनं वीतभर मोजलं, आडवं, उभं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी जा. फळीवरच्या निळ्या विजारी आणा. सगळ्या."

त्या विजारी म्हणजे तिचा उन्हाळा होता. जाड, दणकट कापडाच्या बत्तीस विजारी. कंबर अशी की एकीत दोन माणसं मावावीत, म्हणून तशा विकल्या गेल्या नव्हत्या. उन्हाळ्यात धंदा बसतो, तेव्हा त्या कापून पोरांच्या चड्ड्या शिवून विकायच्या असं तिनं ठरवून ठेवलं होतं. मी आणल्या. तिनं पहिल्या विजारीच्या पायात कात्री घातली तेव्हा आईनं तिचा हात धरला.

"पोरी, उन्हाळ्यात काय विकशील?"

"उन्हाळ्यापर्यंत ओटा राहायला हवा ना, आई," ती म्हणाली आणि कापलं.

पाथरवटाच्या पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत निळं ठिगळ बसलं, कडेनं दुहेरी टीप. अक्षरं झाकली. त्यानं एक दगड पाठीवर घेतला, खाली ठेवला, खांदे हलवले. "आता नाही घासत," म्हणाला. मग दुसरा उचलला. माणूस बोलायला कंजूष, पण संध्याकाळपर्यंत खाणीवरचे बाकीचे आठ जण आपणहून रांगेत उभे होते.

तिसऱ्या दिवसापासून टोळीवालीचं शेत. तिनं आम्हाला बांधावर बघितलं, पण कामाला खंड पडू दिला नाही. आम्ही उभेच. बऱ्याच वेळानं आली.

"माझ्या बायका सरीवर मजुरी घेतात," ती म्हणाली. "एकीचं जाकीट तासभर मशीनवर गेलं म्हणजे तिची सरी मागं पडली. ते कोण भरून देणार?"

"तुम्हीच सांगा," मालकीण म्हणाली.

टोळीवालीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "जिचं जाकीट मशीनवर, तिची सरी गाडीवाल्यानं वेचायची."

मी मालकिणीकडे बघितलं. तिनं मान डोलावली सुद्धा होती.

तर मी दोन दिवस बटाटे वेचले. ज्यांना हे सोपं वाटत असेल त्यांनी एक सरी वेचून बघावी. कंबरेत वाकायचं ते वाकायचंच. माती थंडगार, बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि भेगांत माती जाते. बादली भरली की पोत्याकडे धावायचं. मी एक सरी संपवेपर्यंत शेजारची बाई दोन संपवून माझ्याकडे बघून दात काढायची. "गाडीवाले, बटाटे आहेत ते, अंडी नाहीत," एक म्हणाली. सगळ्या शेतानं तो विनोद पुढं ढकलत नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठून बसता येईना. आईनं पाठीला कढत तेल लावलं आणि लहानपणी लावायची तसंच थोपटलं. मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

मालकिणीची अवस्था याहून वेगळी नव्हती. बांधावर वाऱ्याला आडोसा नाही. एका हातानं मशीन फिरवायचं, दुसऱ्या हातानं जाडजूड कापड सुईखाली सारायचं. धूळ उडून मशीनमधे जायची, की उघड, पूस, तेल घाल. दोन सुया मोडल्या. तिची उजवी मूठ संध्याकाळी उघडायची नाही, मी एकेक बोट धरून सरळ करायचो. पण शिवणीत एक टाका वाकडा गेला नाही. बायका पोतं गुंडाळून तिच्याशेजारी बसायच्या, आपलं जाकीट होईपर्यंत कुडकुडत तिला बोल लावायच्या, आणि झाल्यावर अंगात घालून न बोलता निघून जायच्या. ठिगळावर पोतं घेऊन बघितलं की मात्र मागं वळून एकदा बघायच्या.

त्यांतली एक बडबडी होती. जाकीट मशीनवर असताना तिनं टोळीवालीचं सगळं पुराण हळू आवाजात सांगितलं.

"पोरगी आहे तिला. लांब गेलीय कामाला, कुठल्याशा मोठ्या कंपनीत भांडी घासते, हजार माणसं जेवतात म्हणे एका वेळी. दीड वर्ष झालं, मायलेकी बोलत नाहीत."

"का?" मालकिणीनं विचारलं.

"पोरीनं फोनवर सांगितलं, आमची इमारत सगळी काचेची आहे आणि आत झाड आहे. कुंडीतलं नाही, जमिनीतलं, छताएवढं. आम्ही सगळ्या इथंच होतो. ही म्हणाली, घरात कधी झाड असतं का? आईला वेडी समजतेस? तू काय काम करतेस ते लपवायला काहीही सांगतेस, खरं सांग, कुठं आहेस तू? सगळ्यांच्या देखत म्हणाली. पोरगी म्हणाली, तुला खोटंच वाटायचं असेल तर वाटू दे. फोन ठेवला. तेव्हापासून..."

"मशीनला तेल घालायला बसलीस का तोंडाला?" टोळीवालीचा आवाज शेताच्या त्या टोकावरून आला. बडबडीनं पोतं अंगाभोवती आणखी ओढून घेतलं.

टोळीतली वीस झाली. टोळीवालीचं एकविसावं. ती म्हणाली, "आधी माझ्या बायकांचं." मग आम्ही रात्रंदिवस वाड्या-वस्त्या फिरलो, हात बसल्यामुळे आता एकाला अर्धा तास पुरत होता. गुराखी, विटा थापणारे, रस्त्यावर खडी पसरणारे. सहाव्या दिवशी दिवस कलताना बासष्ट झाली होती आणि आम्ही पुन्हा तिच्या बांधावर होतो. ती बटाट्याची पोती शिवत होती. अंगात तेच जाकीट, लव बाहेर, कुसळांनी भरलेलं.

"द्या आता," मालकीण म्हणाली.

"आत्ता नाही. उद्या बाजारात कर. सगळ्यांसमोर. विकताना सगळ्यांसमोर विकलंस ना?"

तिच्या मनात काय आहे ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. वाटेत मी म्हणालो, "ही हात वर करणार बघ." मालकीण म्हणाली, "कपडा नीट झाला तर नाही करणार." पण त्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला तेव्हा जिकडे बघावं तिकडे निळी ठिगळं. कोरा आपला एक गठ्ठा घेऊन काट्याजवळ येऊन बसला होता, म्हणजे ओटा मिळाल्यावर लांबून आणायला नको. टोळीवाली आली, मागं तिच्या वीस बायका. तिनं जाकीट काढून ओट्यावर ठेवलं आणि थंडीत नुसत्या पोलक्यावर हाताची घडी घालून उभी राहिली.

आईनं उसवलं. मालकिणीनं आधी कुसळं काढली, एकेक, चिमटीनं. मग शिवायला घेतलं. गळा, खिसे, चेन. एरवी ती ठिगळ आधी लावायची आणि मग सुलट करायची. पण निळं कापड संपत आलं होतं, एकच तुकडा उरला होता आणि हे जाकीट सगळ्यात मोठं. पाठ मोजल्याशिवाय तुकडा पुरतो का ते कळणार नव्हतं. म्हणून तिनं जाकीट सुलट करून ओट्यावर पालथं पसरलं.

या पाठीवर अक्षरं खाली, बारीक होती. वरती चित्र होतं. गासडीत अशी दोन-तीन असतील, उलटवताना आमच्या हाताखालून गेलीही असतील. त्रेसष्ट कपड्यांत चित्रं कोण बघत बसतं? करड्या-निळ्या दोऱ्यानं भरलेली एक उंच इमारत, नुसत्या रेघा, आणि मधे हिरवं झाड.

"तुकडा जरा आखूड पडतोय," मालकीण म्हणाली. "झाडाचा शेंडा दिसेल वरून. चालेल का?"

टोळीवाली वाकली. भेगाळलेलं बोट तिनं त्या चित्रावर टेकवलं.

"हे काय आहे?"

"ते मुख्यालय असेल."

"हे झाड बाहेर आहे का आत?"

मालकिणीच्या ध्यानात आलं. माझ्याही आलं. पण ती घाईघाईनं हो म्हणाली नाही. तिनं जाकीट उजेडाकडे केलं, चित्र डोळ्यांजवळ नेलं, नखानं दोरे बाजूला सारून बघितले, मग गळ्यापाशी न शिवलेल्या फटीतून मागची बाजू बघितली.

"आत," ती म्हणाली. "हे बघा. आधी झाड भरलंय आणि मग इमारतीच्या रेघा त्याच्यावरून नेल्यात. झाड बाहेर असतं तर रेघा झाडाखाली गेल्या असत्या. भरणाऱ्यानं मुद्दाम केलंय. काच पुढं, झाड मागं."

"नक्की?"

"मी शिवणकामात सांगते ते नक्कीच असतं. एकदा चुकले, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. हे चुकत नाही."

टोळीवाली तशीच वाकून राहिली. तिच्या वीस बायकाही पुढं सरकल्या. बडबडीनं तोंडावर हात ठेवला होता.

तेवढ्यात बाजारप्रमुख आला. त्यानं घसा खाकरला आणि हाक दिली, "या ओट्याबद्दल कोणाची तक्रार?"

कोणी हललं नाही. पाथरवट काट्यापाशी उभा होता, त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"कोणाची तक्रार?" दुसरी हाक.

कोरा माणसांकडे आशेनं बघत होता. एका गुराख्याला त्यानं कोपरानं ढोसलंसुद्धा. गुराखी बाजूला सरकला.

"कोणाची तक्रार आहे?" तिसरी हाक दिली आणि बाजारप्रमुखानं शिट्टी ओठांकडे नेली.

टोळीवालीचा हात वर गेला.

"माझी आहे," ती म्हणाली.

मालकिणीचा हात मशीनच्या चाकावर होता, तिथंच राहिला. आईनं डोळे मिटून घेतले. मी ओट्याकडे बघत होतो. आमची अकरा वर्षं आणि त्याआधी आईची वीस त्या दगडांवर गेली होती.

"बोला," बाजारप्रमुख म्हणाला.

"हिनं हे चित्र आत घालून मला जाकीट विकलं. चौदा दिवस मी ते पाठीला लावून बटाटे वेचत होते आणि मला कोणी दाखवलं नाही."

लोकांना काही कळेना. बाजारप्रमुखालाही कळेना. "बरं. मग दुरुस्ती काय हवी?"

"चित्र बाहेर हवं."

"ते तर बाहेरच आहे."

"हो," टोळीवाली म्हणाली. "झालं की मग." आणि तिनं हात खाली घेतला.

"अहो, हात वर गेला होता!" कोरा ओरडला. "सगळ्यांनी बघितला! नियम आहे!"

बाजारप्रमुखानं हातातली शिट्टी उचलून त्याला दाखवली. "ही वाजली का?"

"नाही, पण..."

"मग आता वाजवतो. बघ कोणाचा हात वर आहे." आणि त्यानं ती अशी वाजवली की काट्यावरची कबुतरं उडाली. सगळ्या बाजारात एक हात वर नव्हता. कोऱ्याचे तर गठ्ठ्यात गुंतले होते, तो उचलून त्याला लांब गटारापर्यंत न्यायचा होता.

मालकिणीनं राहिलेली शिवण पुरी केली. दोरा दातानं तोडला. निळा तुकडा हातात घेऊन तिनं टोळीवालीकडे बघितलं.

"ठिगळ नको," टोळीवाली म्हणाली.

"पोत्यानं घासेल. वर्षभरात दोरे जातील."

"डाव्या खांद्यावरून उचलीन." तिनं जाकीट अंगात घातलं आणि चेन वर ओढली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "गाडीवाल्या, फोन दे तुझा."

मी दिला. नंबर तिला तोंडपाठ होता. तिनं मोठ्या अंगठ्यानं एकेक आकडा दाबला, फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. चित्र आमच्याकडे झालं. काट्यावर माप टाकणारा माणूससुद्धा वजन हातात धरून थांबला होता. बऱ्याच वेळानं पलीकडून बारीक आवाज आला, कोण बोलतंय म्हणून.

टोळीवालीचा तो बांध ओलांडणारा आवाज. पण आता आम्हाला कान देऊन ऐकावं लागलं.

"मी बोलतेय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते झाड कसलं आहे गं?"